वाचक विचारतात : दिवस भरलेलं बाळ, तरी श्वास का अडला?

फुप्फुस उघडं ठेवणारं सर्फॅक्टंट नावाचं स्निग्ध अस्तर आणि त्यातल्या प्रथिनांची जनुकं यांबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत. कोणाचंही नाव दिलेलं नाही.

प्रश्न : माझ्या थोरल्या मुलीला पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. वजन तीन किलोला थोडं कमी. जन्मल्या जन्मल्या रडली, अंगावर पाजायलाही घेतली. तीन-चार तासांत कण्हायला लागली, बरगड्यांखाली खळगे पडायला लागले. आधी काचेत ठेवलं, मग व्हेंटिलेटरवर. सर्फॅक्टंटचे दोन डोस दिले. दर वेळी काही तास बरं वाटायचं, की पुन्हा ऑक्सिजन शंभर टक्क्यांवर. सात आठवड्यांनी बाळ गेलं. मागाहून आलेल्या रिपोर्टात ‘एसएफटीपीबी’ जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष, असं लिहिलंय. सर्फॅक्टंट सातव्या महिन्यातल्या बाळांना कमी पडतं ना? मग आमच्या नातीला का? औषध देऊनही का टिकलं नाही? आमच्याकडून उशीर झाला का?
— एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. तुम्ही लिहिलेला क्रम हा या आजाराचा ठरलेला क्रम आहे. डोस दोन तास आधी मिळाला असता किंवा बाळ मोठ्या शहरात जन्मलं असतं, तरी शेवट वेगळा झाला नसता. गरोदरपणातलं खाणं, काम, प्रवास, सोनोग्राफी यांतल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. सोनोग्राफीत हा दोष दिसतही नाही, कारण फुप्फुसाची घडण व्यवस्थित असते.

आता कारण. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना, म्हणजे वायुकोशांना, आतून पाण्याचा पातळ थर असतो. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७० मिलिन्यूटन प्रति मीटर भरतो. एवढा ताण तसाच राहिला तर श्वास सोडताना वायुकोश मिटत जातील, आणि आकाराने लहान असलेले आधी मिटतील. मिटलेला वायुकोश दर श्वासाला नव्याने उघडायचा, तर बाळाची ताकद पुरत नाही. सर्फॅक्टंटचा थर श्वास सोडून झाल्यावर हा ताण जवळपास शून्यावर आणतो, म्हणून वायुकोश उघडे राहतात. सर्फॅक्टंटमध्ये सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ असतात आणि बाकीची बहुतेक प्रथिनं. ए आणि डी ही प्रथिनं मुख्यतः जंतूंशी लढण्याच्या कामाची. बी आणि सी पाण्यापासून दूर राहणारी, स्निग्ध पदार्थांत मिसळणारी. यांतलं बी नसेल तर माणूस जन्मानंतर फार काळ जगू शकत नाही. बाकीच्या तिघांबद्दल असं म्हणता येत नाही.

एसएफटीपीबी हे या बी प्रथिनाचं जनुक. ते दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. लांबी साधारण साडेनऊ हजार अक्षरं, ११ तुकड्यांत विभागलेली. त्यावरून आधी ३८१ अमिनो आम्लांचं (प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांचं) लांबलचक प्रथिन तयार होतं. वायुकोशातल्या ‘टाइप २’ पेशी ते दोन्ही बाजूंनी छाटतात आणि मधली फक्त ७९ अमिनो आम्लं ठेवतात. या तुकड्यात सिस्टीन नावाची सात अमिनो आम्लं आहेत. सहांच्या आपापसात तीन जोड्या जमतात आणि रेणूची घडी पक्की होते. सातवं दुसऱ्या तशाच रेणूला जोडलं जातं. अशी जोडी म्हणजे कामाला तयार झालेलं प्रथिन बी.

त्याचं काम दोन ठिकाणी चालतं. वायुकोशात ते स्निग्ध रेणूंना पाण्याच्या पृष्ठभागावर झटकन पसरवतं. पेशीच्या आत सर्फॅक्टंट ज्या गोळ्यांत थरावर थर रचून साठवलं जातं, त्या गोळ्या बी नसेल तर बनतच नाहीत. प्रथिन सीची छाटणीसुद्धा याच गोळ्यांत पुरी होते. म्हणजे बी नाही म्हटल्यावर सीही अर्धवट राहतं, आणि हे अर्धवट सी वायुकोशात साचून उरल्यासुरल्या सर्फॅक्टंटच्या कामात अडथळा आणतं. एका जनुकाच्या दोषाने दोन प्रथिनं जातात ती अशी.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या पेशींना हे सगळं करता येतं, फक्त वेळ मिळालेला नसतो. साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा साठा होतो. आधी जन्मलेल्या बाळाला बाहेरून डोस दिला की त्याच्या पेशी वापरलेलं सर्फॅक्टंट परत आत घेतात आणि पुन्हा बांधून बाहेर सोडतात. नवजात बाळात बराचसा साठा असाच फिरता राहतो. त्यामुळे एक-दोन डोसांवर भागतं आणि दोन-चार दिवसांत स्वतःचं उत्पादन सुरू होतं. तुमच्या नातीला दिलेल्या डोसात प्राण्याचं बी प्रथिन होतं, म्हणून काही तास आराम पडला. ते संपल्यावर पेशींना परत घेतलेलं बांधता आलं नाही आणि नवं करता आलं नाही. दहा डोस दिले असते तरी दर वेळी हेच घडलं असतं.

प्रश्न : (त्याच आजी विचारतात) मुलगी मी माझ्या नणंदेच्या मुलालाच दिली आहे. पुढच्या बाळालाही हेच होईल का? धाकटीचं लग्न जावयाच्या धाकट्या भावाशी ठरवायचं घाटतंय. थांबावं का?

उत्तर : जावई मुलीचे आतेभाऊ. म्हणजे तुमचे यजमान आणि नणंदबाई यांच्याकडे त्यांच्या आई-वडिलांपैकी एकाकडून तीच सदोष प्रत आली आणि दोन्ही नातवंडांत उतरली, हीच शक्यता मोठी. एक प्रत चांगली असलेल्या माणसाला काहीच त्रास होत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत बीचं प्रमाण नेहमीच्या पावभागाखाली गेल्यावरच श्वास अडला, आणि वाहकाकडे, म्हणजे एकच प्रत सदोष असलेल्या माणसाकडे, ते निम्म्याच्या आसपास असतं. त्यामुळे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पत्ता लागत नाही. दोन्ही वाहक एकत्र आले की दर गरोदरपणात चारात एक शक्यता बाधित बाळाची, चारात दोन वाहक बाळाची, चारात एक पूर्ण निर्दोष बाळाची. ही शक्यता दर वेळी नव्याने मोजायची. एकदा झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

धाकटी वाहक असण्याची शक्यता निम्मी, जावयाच्या भावाचीही निम्मी. दोघं वाहक निघण्याची चारात एक, आणि तसं झाल्यास बाधित बाळाची चारात एक. गुणाकार केला तर सोळात एक. पण असं अंदाजाने बसण्याची गरज नाही. घराण्यातला नेमका दोष रिपोर्टात लिहिलेला आहे. दोघांच्या रक्तात तेवढीच जागा तपासायची. ही तपासणी संपूर्ण जनुकसंच तपासण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. दोघांतलं एक जरी वाहक नसेल, तर या आजारापुरतं लग्नाला आडकाठी नाही. मात्र नात्यातल्या लग्नात असे लपलेले दोष आणखीही सामाईक असू शकतात. सख्ख्या आते-मामे भावंडांचा एक-अष्टमांश जनुकीय वारसा सारखा असतो, हे जनुकीय सल्लागारासमोर मांडून मगच ठरवा.

थोरलीसाठी दिवस राहण्याआधी दोन गोष्टी करायच्या. पहिली, मुलगी आणि जावई दोघांचंही रक्त तपासून दोघं वाहक आहेत याची खात्री. क्वचित बाळाला दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आलेल्या असतात. तसं निघालं तर पुढचा धोका अगदी थोडा उरतो आणि चारात एकचं ओझं उगाच वाहिलं जातं. दुसरी, रिपोर्टाची पूर्ण प्रत जपून ठेवणं. ‘एसएफटीपीबी दोष’ एवढं पुरत नाही. बदलाचं संपूर्ण चिन्हांकन लागतं. याच जनुकातला सर्वाधिक आढळणारा बदल जुन्या कागदांत १२१व्या जागेवर आणि नव्या पद्धतीत १३३व्या जागेवर लिहितात. दोष तोच असतो, पण दोन प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवले की कुटुंब घाबरतं.

दिवस राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशी किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून तपासणी होते. वारेच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल चुकतो. म्हणून आईचं रक्त सोबत जातं आणि मिसळ झाली नाही ना हे आधी पाहिलं जातं. १९९४च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली कुटुंबातल्या जनुकीय आजारासाठी ही तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते. गरोदर बाईला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेतात, त्याची प्रत मागून घ्या. गर्भाचं लिंग कोणी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भ आधी तपासून मग रोपण करण्याचाही मार्ग आहे; खर्च आणि दगदग दोन्ही जास्त.

प्रश्न : जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात विभाग सांभाळतो. दिवस भरलेल्या बाळात या आजाराची शंका केव्हा घ्यावी? नमुना काय आणि कसा पाठवावा?
— एक बालरोगतज्ज्ञ, मराठवाडा

उत्तर : शंका लवकर घ्या आणि नमुना त्याहून लवकर. दहा लाख जन्मांत एखाद्या बाळाला होणारा आजार म्हणून आधी नेहमीची कारणं पाहावी लागतातच : जंतुसंसर्ग, शी श्वासात जाणं, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब, हृदयाचा दोष. पण दिवस भरलेलं बाळ, क्ष-किरणात दोन्ही फुप्फुसं काच घासल्यासारखी धूसर, कल्चर कोरे, इको ठीक आणि सर्फॅक्टंटला तात्पुरता प्रतिसाद असं चित्र आठवडाभर हललं नाही, तर जनुकीय तपासणी पाठवा. आधीचं भावंड असंच गेलेलं असेल किंवा आई-वडील नात्यातले असतील, तर आठवड्याचीही वाट पाहू नका.

एकट्या एसएफटीपीबीवर थांबू नका. या चित्रामागे सगळ्यांत जास्त वेळा एबीसीए३ हे जनुक निघतं. ते सोळाव्या गुणसूत्रावरचं, तेही दोन्ही प्रती बिघडल्यावरच आजार देणारं. प्रथिन सीचं जनुक एसएफटीपीसी आठव्या गुणसूत्रावर. त्याची एक सदोष प्रतही पुरते, आणि पुष्कळदा तो बदल बाळातच नव्याने झालेला असतो. तिथे चारात एकचा हिशेब लागू पडत नाही. बाळाचं टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतलं संप्रेरक) वाढलेलं असेल किंवा पुढे हातापायांच्या अनैच्छिक हालचाली दिसल्या, तर एनकेएक्स२-१ हे जनुक आठवा. ही चारही जनुकं एका संचात मागवा आणि अर्जावर तुकडा गळाला किंवा दुप्पट झाला आहे का हेही तपासा, असं स्पष्ट लिहा. नेहमीच्या वाचनात मोठा गळालेला तुकडा निसटू शकतो.

नमुना : जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत बाळाचं २ मिली रक्त, आई आणि वडील दोघांचं ३-३ मिली. नळी हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. रक्त चढवायच्या आधी घ्या. चढवून झालं असेल तर दात्याच्या पांढऱ्या पेशी घोळ घालतात. मग गालाच्या आतला स्वॅब घ्या किंवा किती दिवस थांबायचं ते प्रयोगशाळेला विचारा. वाहतुकीची पंचाईत असेल तर गाळणकागदाच्या कार्डावर पूर्ण वर्तुळं भरतील असे थेंब घ्या, उन्हाविना तीन-चार तास सपाट वाळवा, मग बंद पाकिटात घाला. ओलं कार्ड पाकिटात घातलं की बुरशी धरते आणि नमुना वाया जातो.

बाळ हातचं जात असेल आणि रिपोर्ट आलेला नसेल, तेव्हा पालकांशी बोलून डीएनए राखून ठेवा. निदानाविना गेलेल्या बाळानंतर पुढच्या गरोदरपणात तपासायला हातात काहीच उरत नाही. पालक तयार असतील तर मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर फुप्फुसाचा छोटा नमुना. त्यातले एक मिलिमीटरचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ग्लुटराल्डिहाइडमध्ये, मोठा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर थरांच्या गोळ्या आहेत की नाहीत हे नीट दिसत नाही, आणि या आजारात पाहायचं असतं नेमकं तेच. रिपोर्टात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला तर त्याला निदान समजू नका. आई-वडिलांच्या नमुन्यांचा उपयोग तिथेच होतो.

प्रश्न : कमी दिवसांच्या बाळांना सर्फॅक्टंट देताना आमच्याकडे दोन कंपन्यांच्या बाटल्या येतात आणि मिलीचा गोंधळ होतो. बाटली हलवायची की नाही, यावरही वाद आहेत.
— एक परिचारिका, बीड

उत्तर : गोंधळ तीव्रतेतल्या फरकाचा आहे. डुकराच्या फुप्फुसापासूनच्या पोरॅक्टंटमध्ये दर मिलीला ८० मिलिग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. पहिला डोस किलोला २.५ मिली, पुढचा लागला तर १.२५ मिली. गाईच्या फुप्फुसापासूनच्या बेरॅक्टंटमध्ये दर मिलीला २५ मिलिग्रॅम. डोस किलोला ४ मिली. १.२ किलोच्या बाळाला पहिल्या वेळी पोरॅक्टंट ३ मिली, बेरॅक्टंट ४.८ मिली. ऑर्डरमध्ये नुसतं ‘सर्फॅक्टंट ३ मिली’ असं लिहिलेलं असेल तर ते परत पाठवा. औषधाचं नाव आणि किलोमागचं प्रमाण दोन्ही हवं.

बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. देण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर तळहातात धरायची. गरम पाण्यात बुडवायची नाही. जोराने हलवली की फेस होतो आणि सिरिंजमध्ये औषधाऐवजी हवा भरते. तळाला गाळ दिसला तर हळूच उलटीसुलटी करा. न उघडलेली, कोमट झालेली बाटली २४ तासांच्या आत फ्रिजमध्ये परत ठेवता येते, तीही एकदाच. बाटलीवर तारीख-वेळ टाकली नाही तर कितव्यांदा बाहेर आली ते कोणाला कळत नाही.

देण्याआधी बाळाच्या श्वासमार्गातली नळी किती सेंटिमीटरवर आहे ते पाहा. ती उजव्या श्वासनलिकेत उतरलेली असेल तर सगळा डोस एकाच फुप्फुसात जातो. डोसनंतर फुप्फुस पटकन सैल पडतं, म्हणून ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरचा दाब लगेच कमी करत न्यावा लागतो. त्या पाच-दहा मिनिटांत बाळापासून हलू नका; दाब तसाच राहिला तर छातीत हवा फुटते. अडथळ्याची खूण नसेल तर तासभर सक्शन नको.

प्रश्न : गाय-डुक्कर नको असेल तर दुसरा पर्याय?

उत्तर : व्यवहारात आज नाही. प्रथिनं वगळून बनवलेली कृत्रिम सर्फॅक्टंटं पूर्वी होती. बी आणि सी नसल्यामुळे ती प्राणिजन्य औषधांपुढे कमी पडली आणि मागे गेली. बीची नक्कल करणारा छोटा तुकडा घातलेल्या एका औषधाला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, पण ते बाजारात टिकलं नाही. शेळीच्या फुप्फुसातल्या अर्काची भारतात चाचणीही झाली आहे, तोही प्राण्याचाच. प्रश्न श्रद्धेचा असेल तर कळा सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात तेवढा वेळ नसतो.

प्रश्न : घरी थुंकी पाठवून केलेल्या जनुक-रिपोर्टात माझ्या एसएफटीपीबीमध्ये १३१व्या जागी बदल आणि ‘फुप्फुसाचा धोका’ असं आलंय. मी ४२ वर्षांचा, धाप नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : १३१व्या जागी थ्रिओनिन किंवा आयसोल्युसिन यांपैकी एक अमिनो आम्ल असणं हा लोकांत सर्रास आढळणारा फरक आहे. तो छाटून टाकल्या जाणाऱ्या भागात येतो, कामाच्या ७९ अमिनो आम्लांत नाही. थ्रिओनिन असेल तर शेजारी १२९व्या जागी साखरेची साखळी चिकटू शकते, एवढा बदल. गंभीर न्यूमोनियात फुप्फुस निकामी होण्याच्या धोक्याशी काही अभ्यासांत त्याचा संबंध दिसला आहे, पण तो गटांच्या सरासरीचा. एका निरोगी माणसाने त्यावरून तपासण्या कराव्यात किंवा औषध घ्यावं असं त्यात काही नाही. बाळांचा आजार आणि हा फरक, दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. विडी-सिगारेट ओढत असाल तर फुप्फुसाचा खरा धोका तिथे आहे. त्यासाठी रिपोर्ट लागत नाही.

प्रश्न : या बाळांसाठी फुप्फुसरोपण किंवा जनुकोपचार होतो का?
— एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : रोपण झालेलं आहे. १९९३ साली हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे काही बाळांवर फुप्फुसरोपण झालं. नवं फुप्फुस स्वतःच्या बीसकट येतं, त्यामुळे मूळ आजार जातो. त्याजागी आयुष्यभराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, संसर्ग आणि रोपण नाकारलं जाण्याचा धोका येतो. शिवाय तीन-चार किलोच्या बाळाच्या मापाचं फुप्फुस मिळेपर्यंत त्याला व्हेंटिलेटरवर तग धरावी लागते, आणि रोपण नसेल तर बहुतेक बाळं तीन ते सहा महिन्यांच्या आत दगावतात. मोजक्या केंद्रांपलीकडे हा मार्ग म्हणूनच पोहोचलेला नाही.

जनुकोपचार अजून उंदरांपर्यंत आहे. बी बंद केलेल्या उंदरांना निरुपद्रवी विषाणूतून मानवी एसएफटीपीबी श्वासनलिकेत दिल्यावर, एरवी काही दिवसांत मरणारे उंदीर महिनोन्‌महिने जगले; हे काम २०२० साली प्रसिद्ध झालं. जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग छोटा असल्याने विषाणूत सहज मावतो, ही जमेची बाजू. अडचण अशी, की टाइप २ पेशी झिजतात आणि नव्या येतात; नव्या पेशींत दिलेलं जनुक उतरत नाही. पुन्हा डोस द्यावा तर तोवर शरीराने त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात.